एक तारखेच्या पिशवीतला खून

माझ्या मावशीचा कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, हवामानाच्या बातम्यांवर नाही, आणि माझ्यावर तर मुळीच नाही. मी दुकानात उशिरा पोचले आणि बस चुकली म्हटलं, की ती गोळ्या मोजता मोजता, मान वर न करता विचारते, "बाहेर पाऊस, स्टॉपला छप्पर नाही, आणि तुझी छत्री कोरडी?" मग मला कबूल करावं लागतं की मी झोपून राहिले होते. नऊ वर्षं हे असं चाललंय. दुसरी कुणी असती तर केव्हाच नोकरी सोडून गेली असती. पण ती पडली आईची धाकटी बहीण, आणि खरं सांगायचं तर पगार देऊन वर इतकी करमणूक करणारं माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

मावशी फार्मासिस्ट आहे. दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यावर आमचं औषधांचं दुकान. मालक दुसऱ्या गावी राहतात, त्यामुळे दुकान म्हणजे मावशीच. मी कॉम्प्युटरवर बिलं करते आणि बोलणी खाते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर मावशी म्हणते, "एकही उमेदवार चौकशीत टिकला नाही." आणि या धंद्यात राहून माणूस संशयी झालं नाही तरच नवल. समोरचा छातीठोकपणे सांगतो की मी गोळ्या रोज न चुकता घेतो, आणि महिन्याच्या गोळ्या त्याला पावणेदोन महिने पुरलेल्या असतात. मावशी नुसती बघते. तो आपण होऊन म्हणतो, "अधूनमधून राहते एखादी."

तिची खरी दौलत काउंटरखालच्या खणात, खोकल्याच्या औषधांच्या मागे. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून जमवलेली, पाठ उसवलेली, पिवळी पडलेली विलायती पुस्तकं. सगळी एकाच जातीची. मोठ्ठा बंगला, आणि त्यात खून.

मी आधी नाकं मुरडली होती. मग एका रिकाम्या दुपारी एक हातात घेतलं आणि गेलेच कामातून. बंगला इतका मोठा, की एका टोकाला गोळी झाडली तर दुसऱ्या टोकाला पत्ते खेळणाऱ्यांना वाटतं, कुणी दार आपटलं. बाहेर बर्फ नाहीतर पूर, रस्ता बंद, टेलिफोनची तार तुटलेली. आत दहा-बारा माणसं, सगळी खानदानी, बोलणं लोण्यासारखं, आणि एकाचाही हेतू सरळ नाही. बंगल्याचे मालक सकाळी पुस्तकांच्या खोलीत पालथे पडलेले सापडतात. आदल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलेलं असतं की मृत्युपत्र बदलणार. "यांना काही अक्कल आहे का ग," मावशी म्हणते, "मृत्युपत्र बदलायचं तर गुपचूप बदलावं. जेवणाच्या टेबलावर बारा जणांना सांगितल्यावर जगायचं कसं?"

आणि त्या लोकांचं ते वागणं! प्रेत अजून गालिच्यावर आहे, आणि नोकर अदबीने विचारतोय, चहा इथेच आणू की बागेकडच्या खोलीत? एक आत्याबाई विणता विणता म्हणतात की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, आणि पुढची चार पानं तेच करतात. पाद्रीबुवा पावणेनऊला कुठे होते ते सांगत नाहीत. नकाशा दिलेला असतो, खिडक्या मोजलेल्या असतात, प्रत्येक जण खोटं बोलतो, आणि बहुतेकांचं खोटं भलत्याच फालतू कारणासाठी असतं. कुणी चोरून सिगारेट ओढत होतं, कुणी भांडत होतं. मावशीला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की तिथे कुणी फारसं रडत नाही. "मेलेला माणूस म्हणजे एक कोडं, बस्स," ती म्हणते. "दिवसभर समोर खरे आजारी बघतेच की मी. संध्याकाळी जरा कोडं असावं."

आता तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं सांगते.

दर महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. आम्ही त्यांना आपसात 'एक तारीख' म्हणायचो. चष्म्याच्या काचा घासायचं काम केलेले, आता घरी बसलेले, बोलायला मोजके. बायकोला हृदयाचा आजार. तिला जिना उतरायची मनाई, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ती तिसऱ्या मजल्यावर आणि औषधं न्यायला हे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी काउंटरवर मावशीचं पुस्तक पालथं घातलेलं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या घरीही हेच चालतं. पण हिची सगळी वाचून झाली."

मावशीने एक क्षण त्यांना न्याहाळलं. पुस्तक उसनं मागणाऱ्या माणसावर तिचा विशेष संशय. पण काय वाटलं कोण जाणे, तिने खणातून एक पुस्तक काढून गोळ्यांच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, शेवटचं प्रकरण उघडायच्या आधी खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं. नंतर लिहिलेलं मला कळतं."

पुढच्या एक तारखेला पुस्तक परत आलं, आत चिठ्ठी. "खुनी धाकटे मेहुणे. बारशापासूनचे सगळे अपमान त्यांना तारखेसकट पाठ आहेत. इतकी स्मरणशक्ती चांगल्या माणसाला नसते." मावशी वाचून एवढी हसली की समोरचं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायचं विसरलं. आणि खुनी धाकटे मेहुणेच होते!

तेव्हापासून सुरू झालं. बाईंची बोटं सुजलेली असायची, म्हणून त्या सांगायच्या आणि नवरा लिहायचा, काचांच्या नंबरांसारख्या बारीक, सरळ अक्षरात. "पाद्रीबुवा दुःखी आहेत म्हणतात, पण तिसरं बिस्कीट कुणी दुःखात खात नाही." "डॉक्टरांवर माझा संशय नाही. त्यांना साधी सर्दी ओळखता येत नाही, विष काय जमणार!" मावशी पिशवीच्या पाठीवर उत्तर लिहायची. पाच वर्षांत बाई दोनदा चुकल्या असतील. चुकल्या की मावशी लिहायची, "चूक. लाज वाटली पाहिजे." कीव करून बरोबर म्हणणं तिच्या स्वभावात नाही. मी एकदा चुकले तर तिने मला आठवडाभर टोमणे मारले होते.

त्या दोघी कधी भेटल्या नाहीत. मी कितीदा म्हटलं, जा की एकदा, वीस मिनिटांवर तर घर आहे. मावशी म्हणायची, "भेटून काय करू? भेटलं की तब्येतीचं बोलावं लागतं. त्यांनाही नको, मलाही नको." फोनचा तर तिला जन्माचा तिटकारा. पण एक तारीख उजाडली की मावशीबाई सकाळपासून दाराकडे डोळे लावून. हे गृहस्थ पायरीवर दिसले की ती चष्मा चढवायची आणि विचारायची, "काय म्हणतात बाई? कुणावर संशय?"

मग गेल्या वर्षी कधीतरी ते बिघडलं.

मला आधी कळलंच नाही. मावशी चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवायची ती बंद झाली. पुस्तक परत आलं की ती चिठ्ठी काढायची, बघायची, घडी करून कोटाच्या खिशात टाकायची आणि माझ्यावर डाफरायची. मला वाटलं, वय झालं, गुडघे दुखत असतील. दोन-तीन महिने तिने बाईंसाठी पुस्तक निवडण्यात इतका वेळ घालवला की मी चिडलेच. हे घे, ते ठेव, हे त्यांना आवडेल का ग, हे फार सोपं तर नाही ना. म्हटलं, अग, लग्नाची साडी निवडतेस का?

एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, तिने खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या. गोळ्यांच्या पट्ट्या मांडाव्यात तशा, ओळीने.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचल्या. "मला वाटतं, माळी." "पुस्तक चांगले आहे. बहुधा आचारी." "नक्की सांगता येत नाही. माळी असावा." "नर्स किंवा माळी."

"माळी?" मी म्हटलं.

"माळी!" मावशीने काउंटरवर हात आपटला. "तीस वर्षं ही पुस्तकं वाचणारी बाई माळी म्हणेल? माळ्याने कधी खून केलाय? माळी फक्त पावलांचे ठसे दाखवायला असतो, हे शेंबड्या पोराला कळतं!"

"अक्षर तर तेच आहे."

"अक्षर नवऱ्याचं होतंच. सांगणारी कुठाय?" तिने आवाज खाली आणला. "या चिठ्ठ्या तिच्या नाहीत. तिच्या नावावर हा माणूस लिहितोय. का लिहितोय? तिला काय केलंय याने?"

मी हसले. मग तिने ड्रॉवरमधून त्यांच्या प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स काढली आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. हृदयाच्या पेशंटचं औषध दर दोन-तीन महिन्यांनी थोडंफार बदलतंच. गोळी अर्धी होते, एखादी वाढते. बाईंचं आधी बदलायचं. आता नऊ महिने काडीचाही बदल नाही. डॉक्टरची नवी सही नाही, नवी तारीख नाही, तोच मळका कागद. नियमाप्रमाणे मावशीने नवं प्रिस्क्रिप्शन मागायला हवं होतं. ओळखीचे म्हणून मागितलं नव्हतं. हे तिला फार लागलं होतं, दिसत होतं.

"म्हणजे नऊ महिने कुठल्याही डॉक्टरने त्यांना तपासलेलं नाही," ती म्हणाली. "आणि हा दर महिन्याला सांगतो, बरी आहे."

"अग, मग सरळ विचार ना त्यांना!"

"सरळ विचारलं की माणूस सावध होतो." असं म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच सामील आहे.

मला बाई धीर धरवत नाही. मावशी गोदामात गेल्यावर मी नोंदवहीतला नंबर काढून फोन लावला. त्यांनीच उचलला. बाईंशी बोलायचंय म्हटलं. ते म्हणाले, "झोपलीय." सकाळचे साडेदहा वाजले होते. दोन दिवसांनी परत केला. "आंघोळीला गेलीय." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. मी मावशीला सांगितलं, शिव्या खाल्ल्या, आणि त्या दिवसापासून मीही तिच्याच माळेतली झाले. रस्त्यात ते गृहस्थ दिसले तरी मला त्यांची पाठ संशयास्पद वाटायची. ब्रेडचा एकच लहान पुडा घेताना दिसले, तर मी धावत येऊन सांगितलं, "एकाच माणसाचा ब्रेड!" मावशीने ते वहीत टिपून ठेवलं.

मग तिने सापळा लावला. बाईंनी चार वर्षांपूर्वी वाचून डोक्यावर घेतलेलं एक पुस्तक, ज्याच्यावर त्यांनी दोन चिठ्ठ्या भरून लिहिलं होतं, तेच नवं म्हणून पिशवीत टाकलं. "जिवंत असेल आणि शुद्धीवर असेल तर फटकारेल मला. म्हणेल, म्हातारी झालीस."

मला आठवतंय, पुढचा महिनाभर ती त्या फटक्याची वाट बघत होती. रोज म्हणायची, "बघ, चांगली झाडेल मला."

एक तारखेला पुस्तक परत आलं. "प्रथमच वाचले. आवडले. माळी."

मावशी पांढरीफटक पडली. पण खरी गोष्ट पुढेच होती. ते गृहस्थ पिशवी घेऊन वळले, थबकले, परत आले आणि बाईंच्या गोळ्यांच्या पट्टीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "त्या पुस्तकात म्हातारीला ज्या पानांचा काढा देतात... ते म्हणजे हेच औषध का हो? जास्त झालं तर माणूस खरंच तसा जातो?"

मावशी म्हणाली, "बघून सांगते," आणि ते गेल्यावर स्टुलावर बसली. मी तिला पाणी दिलं.

"अकरा महिन्यांच्या गोळ्या त्याने नेल्यात," ती म्हणाली. "तिला देत असेल तर जास्तीच्या देत असेल. देत नसेल तर त्याहून वाईट. काही झालं तरी तिचा जीव धोक्यात आहे, आणि मी इथे बसून पिशव्या भरून देतेय."

पोलिसांकडे जाऊ म्हटलं. "काय सांगणार? चिठ्ठीत माळी लिहिलंय?" तेही खरंच होतं. मग तिनेच बेत ठरवला. आमच्या धंद्यात कधीकधी कंपनी एखादी बॅच परत मागवते. मग दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून त्या गोळ्या परत घ्यायच्या. तेच निमित्त करून घरात शिरायचं, गोळ्या बघायच्या, बाईंना बघायचं. "आणि तिला उचलून आणायची वेळ आली तर तू आहेस," मावशी म्हणाली. मी आहे!

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. इमारत जुनी पण स्वच्छ. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या, दार उघडं, मशीन चालू. त्यांनी विचारलं कुणाकडे, आम्ही सांगितलं. त्यांना विचारलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. पण मावशी माझ्या कानात पुटपुटली, "शेजाऱ्यांना काही बोलायचं नाही, ते आत कळवतात," आणि आम्ही तोंड बंद करून तीन जिने चढलो.

गृहस्थांनी दार उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, झालं, सापडला. मावशीने बॅचचं सांगितलं. त्यांनी आम्हाला बसवलं. खोली नेटकी. खिडकीजवळ खुर्ची, तिच्यावर घडी केलेली शाल, टेबलावर आमचं या महिन्याचं पुस्तक, मधे खूण घातलेली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून आवाज नाही, खोकला नाही, काही नाही.

"किती उरल्यात त्या दाखवा," मावशी म्हणाली.

"सगळ्याच दाखवायच्या?"

"सगळ्या. धोक्याची बॅच आहे."

ते कपाटाशी गेले आणि एकेक करून पिशव्या आणून टेबलावर ठेवायला लागले. आमच्या दुकानाच्या, माझ्या हाताने स्टेपल केलेल्या. पुस्तक काढून घेतलेलं, पण आत गोळ्यांची एकही पट्टी फोडलेली नाही. मी मोजत होते. अकरा. मावशीही मोजत होती. ती उठून उभी राहिली. पाच फुटांची बाई, पण मी तिला इतकी उंच कधी पाहिली नाही.

"तुम्ही तिला औषध दिलंच नाही," ती म्हणाली. "अकरा महिने! एक गोळी नाही! आणि माझ्या तोंडावर बरी आहे म्हणून सांगत राहिलात. तिच्या नावाने चिठ्ठ्या लिहीत राहिलात. मारलंत तुम्ही तिला. कुठाय ती? काय केलंत तिचं?"

तिचा आवाज जिन्यात गेला असणार, कारण खालच्या शिवणकामवाल्या बाई गळ्यात टेप घेऊन धापा टाकत दारात आल्या. त्यांनी एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा त्या पिशव्यांकडे.

"अहो, हे काय बोलताय?" त्या म्हणाल्या. "त्या जाऊन वर्ष होत आलं. मी होते इथे. डॉक्टर होते. झोपेतून उठल्या, चहा घेतला आणि गेल्या. ह्यांनी काय केलंन्? हे बिचारे तीन दिवस त्या खुर्चीपासून हलले नाहीत."

मावशी उभीच. मग खुर्ची न बघता मागे बसायला गेली, मी तिला धरलं नसतं तर पडली असती.

गृहस्थ खाली बघत म्हणाले, "चूक माझी आहे." काय माणूस! आम्ही घरात घुसून त्याला खुनी म्हटलं, आणि हा म्हणतो चूक माझी. "पहिल्या महिन्यात सांगायलाच आलो होतो मी. पुस्तक परत करून सांगणार होतो, की आता औषध नको. तुम्ही चष्मा लावलात आणि विचारलंत, काय म्हणतात बाई, कुणावर संशय. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. बरी आहे म्हणालो. पिशवी घेतली आणि आलो घरी."

"मग नंतर तरी..." मी म्हटलं.

"नंतर पुढची एक तारीख आली." त्यांनी शालीची घडी उगाच सरळ केली. "इथे सगळ्यांना माहीत होतं. भेटायला येऊन गेले सगळे. फक्त तुमच्याकडे तिची अजून चौकशी व्हायची. महिन्यातून एकदा कुणीतरी विचारायचं, ती काय म्हणते. मला ते सोडवेना. म्हणून पुस्तकं वाचायला लागलो. आधी कधी वाचली नव्हती, नुसतं लिहून घ्यायचो. दोन-दोनदा वाचतो, पण मला कळतच नाही हो कोणी मारलं ते. सगळेच मला बरे वाटतात. त्या काढ्याचंही तुम्हालाच विचारावं लागलं. माळ्याचं नाव अशासाठी घालायचो, की त्याला सोडून बाकीच्यांशी तोवर माझी ओळख झालेली असायची."

यावर हसावं की रडावं मला कळेना. मावशी दोन्ही करत नव्हती.

मग ते म्हणाले, "तुम्हाला एक विचारायचं होतं. ती गेली तेव्हाचं पुस्तक. तीसेक पानं राहिली होती. आदल्या दिवशी तिला डोळ्यांनी वाचवेना, मला म्हणाली, शेवटचं पान बघून सांग कोण ते. मी म्हटलं, नाही हं, नियम म्हणजे नियम, उद्या तूच वाच." शिवणकामवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नंतर मी ते पुस्तक तसंच परत केलं. शेवट बघायचा धीर झाला नाही. पण नाव तिने सांगितलं होतं. थोरली सून, म्हणाली. नक्की थोरली सून, मोत्यांच्या कुड्या बघ म्हणाली. ते... बरोबर होतं का?"

कुठलं पुस्तक ते मला लगेच कळलं. मी ते दोनदा वाचलंय.

"बरोबर," मावशी म्हणाली. "अगदी बरोबर. त्या कुड्यांवरूनच सापडते ती."

गृहस्थांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. "कळलं होतं तर तिला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.

निघताना मावशीने त्यांना हात जोडले. माफ करा म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात ऐकलेला नव्हता.

आम्ही एक मजला उतरलो आणि माझ्याने राहवेना. "मावशी, थोरली सून नव्हती. वकील होता. कुड्या तर शेवटी नोकराणीच्या एप्रनमध्ये सापडतात."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू त्या माणसासमोर तोंड उघडलंस तर बघ."

आणि जिन्याच्या वळणावर, भिंतीला धरून, ती तिथेच पायरीवर बसली. मला वाटलं गुडघा. पण ती रडत होती. लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता. मी शेजारी बसले. म्हटलं, "अग, तुला कसं कळणार होतं? साध्या माणसाला वाटलंच नसतं काही. तू निदान ओळखलंस तरी, की काहीतरी झालंय. पण एकदम खून कशाला मनात आणायचा?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"त्या पहिल्या तीन-चार चिठ्ठ्या आल्या ना," ती म्हणाली, "तशा, कोरड्या... मला वाटलं, तिला माझा कंटाळा आला. मी पुस्तकं बदलून बदलून पाठवली. तरी तेच. मग मला वाटायला लागलं, की नाही, तिला कुणीतरी काहीतरी केलंय. आणि खरं सांगू? जरा बरं वाटलं ग मला तेव्हा."

वर शिवणकामवाल्या बाई जिना उतरताना ऐकू आल्या. मी मावशीला हाताला धरून उठवलं.